पत्ता न चुकलेला मावा

मित्रांनो, मला डोळा आहे, पण पापणी नाही. मी एक जुने भिंग आहे. पितळी कड्याचे, आखूड लाकडी मुठीचे, दहापट मोठे दाखवणारे. माझ्या काचेचा डाव्या अंगाला एक टवका उडालेला आहे. त्या बाजूने पाहिले की प्रत्येक किड्याला एक पाय जास्त दिसतो. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की भिंग खोटे बोलते.

माझा जन्म ओसाकातल्या एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी काच घासली, तो दिवसभर कुणाशी चकार शब्द बोलत नसे. मात्र काच मनासारखी झाली की तिच्यावर फुंकर घालून "जा आता, नीट बघ" एवढेच म्हणे. आम्ही चाळीस भावंडे एका पेटीत होतो. एक सोनाराकडे गेले. एक टपालाची तिकिटे जमवणाऱ्या डॉक्टरकडे गेले. मला तोत्तोरीच्या डोंगरातल्या कामिसे गावच्या शेतकरी संघाने मागवले. सोनाराकडच्या भावंडाला हिरे पाहायला मिळाले, माझ्या वाट्याला मावा आला.

मावा तुम्ही पाहिला असेल. कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस पीत बसणारा, बाजरीच्या दाण्याएवढा किडा. उन्हाळाभर तो अंडी घालण्याच्या भानगडीत पडत नाही. सकाळी लेकी जन्माला घालतो आणि आठवड्याभरात त्या लेकींनाही लेकी होतात. नवरा लागत नाही, सुईण लागत नाही. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी लाजेने धुरकटले. माझ्या मालकाने मला पुसले आणि पुन्हा तिथेच धरले.

माझे मालक काडोवाकी तात्सुझो. संघात कीड-रोगाचा तपास करणे हे त्यांचे काम. गावात सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे गुरुजी. शिकवले त्यांनी कुणालाच नव्हते, पण चुका काढत, म्हणून गुरुजी. त्यांची पद्धत ठरलेली होती. फांदीखाली पांढरे चिनीमातीचे ताट धरायचे, फांदीवर छडीने तीनदा टकटक करायचे. चौथी टकटक कधीच नाही. मग ताटात पडलेल्या माव्याची चौकशी सुरू. सोंड केवढी? अंगावर केस आहेत का? पाठीमागच्या दोन नळ्या लांब की बुटक्या? पाठीवर पट्टे आहेत का? पाइनवरचा मावा वेगळा, मोरपंखीवरचा वेगळा, जुनिपरवरचा आणखी वेगळा. सगळे सारखेच तपकिरी, सगळे सारखेच खादाड. पण माझ्यातून पाहिले की एकेकाची जातकुळी कळे. गावात म्हणत, "सेन्सेई देवळात गेले तरी आधी देवाच्या झाडावरचा मावा बघतात, मग देव."

पण सेन्सेईंचा खरा वैरी मावा नव्हता. तो होता तांबेरा. आमचे गाव नाशपातीवर जगते. आणि नाशपातीच्या पानावर पडणारा तांबेरा हिवाळ्यात राहतो कुठे, तर जुनिपरच्या झाडावर, जे लांबून मोरपंखीसारखेच दिसते. फांद्यांना बारीक तपकिरी गाठी येतात, वसंतातल्या पावसात त्या फुगून केशरी होतात आणि तिथून रोग वाऱ्यावर बसून नाशपातीच्या बागेत येतो. एका घरी झोपायचे आणि दुसऱ्या घरी जेवायचे, असा त्याचा खाक्या. म्हणून गावाचा कायदा सोपा होता. कामिसेत जुनिपर नको. कुंपणात नको, अंगणात नको, देवळात नको, स्मशानातही नको. दर मार्चमध्ये संघाची माणसे घरोघर फिरत आणि परसात डोकावत. झाड सापडले की मीठ ठेवायचे, तांदळाची दारू शिंपडायची, झाडाची माफी मागायची आणि करवत लावायची.

सेन्सेईंनी पहिल्या पाच वर्षांत बेचाळीस झाडे काढवली. मी प्रत्येक वेळी साक्षीला होते. त्यातले एक इकुता यांच्या दारातले. क्रौंच पक्ष्यासारखी मान काढून उभे असलेले, तीन पिढ्यांनी वळण दिलेले झाड. थोरले इकुता लग्नाकार्यात घालायचा किमोनो घालून झाडाखाली बसले आणि म्हणाले, "आधी मला कापा."

सेन्सेई म्हणाले, "नियमाला काका-मामा नसतात." आणि करवत काढली. थोरले इकुता अर्ध्या तासाने उठले, कारण पायाला मुंग्या आल्या. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दारात उभा राहून सगळे पाहत होता. त्याचे नाव योशिहारू. पुढे तोच संघाचा अध्यक्ष होणार होता, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

आता जे सांगणार आहे ते मी सेहेचाळीस वर्षे पोटात ठेवले होते. सेन्सेईंची बायको फुमिए, ओकी बेटावरची. लग्न होऊन आली तेव्हा एका लाकडी बादलीत हातभर उंचीचे रोप घेऊन आली. समुद्राचा वारा अडवायला तिच्या वडिलांनी लावलेल्या झाडांपैकी एकाचे ते लेकरू. माहेरातून एवढेच हाती आले होते. न्हाणीघराच्या मागे, टबाचे पाणी तापवायच्या चुलवणाशेजारी, तिने ते लावले. सेन्सेई घरात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "काय लावतेस?" ती म्हणाली, "मोरपंखी." ते म्हणाले, "हं."

झाले. त्या 'हं'वर सेहेचाळीस वर्षे निघाली.

तिलाही तेव्हा ते मोरपंखीच वाटत होते. बेटावर सगळ्याच झाडांना एकच नाव होते, 'वाऱ्याचे झाड'. पण पहिल्याच वसंतात, दोन दिवस पाऊस पडून उघडल्यावर, तिला फांदीवर केशरी गोळे दिसले. रोज रात्री जेवताना नवरा ज्यांचे वर्णन करी तेच. सेन्सेई न्हाणीघरात टबात बसलेले होते. तिने खुंटीवरच्या कोटातून मला काढले आणि फांदीवर धरले. मी जे होते ते दाखवले. मला दुसरे काही येत नाही.

ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती मागची मोरपंखी आहे ना, ती बहुतेक मोरपंखी नाही." वर्तमानपत्रात त्या दिवशी बेसबॉलचा निकाल होता. सेन्सेई म्हणाले, "हं."

मग तिने स्वतःच उपाय केला. तेव्हापासून दर मार्चमध्ये, पावसाच्या आधी, संध्याकाळी सेन्सेई टबात उतरले की फुमिए मला कोटातून काढी, फांदी न् फांदी तपासी, गाठ दिसली की मोडी आणि चुलवणात टाकी. आत सेन्सेई गळ्यापर्यंत बुडून ओरडत, "पाणी गार आहे." ती म्हणे, "घालते हं आणखी." आणि आणखी दोन गाठी आगीत जात. मित्रांनो, विचार करा. तांबेऱ्याशी लढून दमलेला माणूस तांबेऱ्यावरच तापवलेल्या पाण्यात अंग शेकत होता, आणि वर म्हणत होता, "आज पाणी मस्त तापलंय."

झाडाला तिने कापून कापून कमरेएवढे गोल ठेवले. पुढ्यात धुणे वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या बांधल्या. तिथे कायम सेन्सेईंचे लेंगे वाळत. मार्चमधली संघाची मंडळी सगळ्या गावाची परसे धुंडाळीत, पण सेन्सेईंच्या घरी आली की ओसरीवर चहा पिऊन, लोणच्याची तारीफ करून परत जात. तपासनीसाच्या घरात तपास करणे म्हणजे त्याचा अपमान. आमच्याकडे भिडेपोटी माणसे मेलेला मासाही गिळतील. आणि सेन्सेई स्वतः? परस हे बायकोचे राज्य. त्यांनी गावातल्या प्रत्येक झाडाची पाने मोजली असतील, पण आपल्या न्हाणीघराच्या मागे ते सेहेचाळीस वर्षांत गेले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. काखेत म्हणजे खिशात मी होते.

सेन्सेई निवृत्त झाले. संघात फोनवर फोटो काढून किडा ओळखायची सोय आली. माझी रवानगी खणात झाली. सोबतीला वाळलेली पेने, रबरबँड आणि कुठल्याशा बंद पडलेल्या घड्याळाची किल्ली. कधी औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला मला काढीत, कधी माशातला काटा शोधायला. जुनिपरवरच्या माव्याच्या पायावरचे केस मोजलेले मी, आता बांगड्याचा काटा शोधत होते. माझी मूठही चिरली. तिला दोऱ्याने गुंडाळले. फक्त फुमिए मार्चमध्ये न चुकता मला काढी. ती मला पदराने पुसायची. किमोनोला पदर नसतो, पण तिच्या एप्रनच्या टोकाला मी मनात पदरच म्हणते.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. तिने कुणाला सांगितले नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिने मला फांदीवर धरले, बराच वेळ पाहिले आणि हाताने चाचपून गाठी काढल्या. गाठी हाताला लागतात. मावा लागत नाही.

मे महिना होता. गावात सगळे नाशपातीच्या फळांना कागदी पिशव्या बांधण्यात गुंतलेले. सेन्सेई न्याहारीला बसले आणि मान खाजवू लागले.

"अगं, सदऱ्याच्या कॉलरला काय लागलंय? चिकट चिकट. मुरंबा सांडलास का?"

"तुमच्याच घामाला वयानुसार गोडी आली असेल," फुमिए म्हणाली.

सेन्सेईंनी कॉलर चाटली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःची कॉलर चाटतो आहे आणि त्याचा चेहरा उजळतो आहे, असे दृश्य मी पहिल्यांदाच पाहिले.

"चिकटा आहे हा. माव्याचा चिकटा. मावा वर बसून हगतो, तेच खाली पडतं. म्हणजे धुणं जिथं वाळतं तिथं झाडावर मावा आहे."

"असेल एखादा. चहा निवेल."

"माझं भिंग कुठंय?"

"तिकडे मागे गांधीलमाश्या झाल्यात बरं का."

"आठ वर्षांत पहिला मावा आलाय घरी. गांधीलमाश्यांना म्हणावं, रांगेत थांबा."

खण उघडला. मला उजेड लागला. मला आनंद झाला आणि धडकीही भरली, कारण हा माणूस कुठे चालला आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होते, फुमिएला आणि मला. माझी काच धुरकटली. त्यांनी पुसली.

ते पांढरे ताट घेऊन निघाले. धुण्याच्या काठीवरून मुंग्यांची रांग चालली होती. चिकट्यापायी मुंग्या माव्याची खिल्लारे राखतात, हे त्यांना पाठ होते. ते मुंग्यांमागे गेले. लेंगा बाजूला केला. कमरेएवढे गोल झाड, काजळी धरलेले, मध्ये मध्ये करपलेले. झाडाचे नावही न विचारता त्यांनी खाली ताट धरले. टक, टक, टक.

ताटात सात-आठ मावे पडले. त्यांनी मला डोळ्याला लावले आणि जुन्या सवयीने मोठ्याने चौकशी सुरू केली. "अंग गुलाबीसर तपकिरी. वर पिठी. केस लांब. मागच्या नळ्या बुटक्या. सोंड लांब. छान, छान. ही मोरपंखी ना गं? मोरपंखीवरच्या माव्याला पाठीवर दोन काळे पट्टे हवेत." ते थांबले. "पट्टे नाहीत."

"पुसले गेले असतील," फुमिए मागून म्हणाली. "धुण्याशेजारीच राहतात ते."

"पट्टे धुतले जात नाहीत." त्यांनी दुसरा मावा पाहिला. तिसरा पाहिला. मला टवक्याच्या बाजूनेही फिरवून पाहिले. "अगं, पण बिनपट्ट्याचा, गुलाबीसर, केसाळ मावा म्हणजे... हा जुनिपर सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही."

"परगावचा असेल बिचारा. पत्ता चुकला असेल."

"माणूस पत्ता चुकतो. मावा चुकत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा उच्चारले असेल. या खेपेला त्यांनी ते उच्चारले आणि मग स्वतःच ऐकले. हळूच त्यांनी मला माव्यावरून उचलून फांदीवर आणले. मोरपंखीची फांदी चपटी असते, इस्त्री केल्यासारखी. ही गोल होती, सुतळीसारखी. मी दहापट मोठी करून दाखवली.

मुंग्या आपल्या कामाला लागल्या होत्या.

"अगं," सेन्सेई म्हणाले, "ही मोरपंखी नाही."

"नाही."

"कधीपासून नाही?"

"लग्नापासून."

सेन्सेई उपड्या बादलीवर बसले. तीच बादली, जिच्यातून रोप आले होते. "तू मला सेहेचाळीस वर्षं फसवलंस."

"मी सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

"मी ऐकलं नसेल."

"ते मला कळलं. म्हणून पुन्हा नाही सांगितलं."

"आणि तांबेरा? पावसात तांबेरा आला असेल ना याला? कुठं गेला?"

फुमिएने चुलवणाकडे बोट केले. "तुमच्या अंघोळीला."

तिने सगळे सांगितले. कोट, खुंटी, गाठी, आग. सेन्सेई ऐकत गेले आणि त्यांचा हात माझ्या मुठीवर फिरत राहिला. मुठीवर एके ठिकाणी लाकूड झिजून खळगा पडलेला आहे. त्यांचा अंगठा त्यात कधीच नीट बसत नसे आणि ते कारागिराला नावे ठेवत. आता त्यांना तो खळगा कुणाचा ते कळले.

"बेचाळीस झाडं," ते म्हणाले. "बेचाळीस घरांच्या दारात मी नियम सांगत उभा राहिलो. आणि माझ्या लेंग्यामागे त्रेचाळिसावं."

"सांगू नका असं मी म्हणणार नाही," फुमिए म्हणाली. "सांगा असंही म्हणणार नाही. भात वाढलाय."

सेन्सेईंनी भाताला हात लावला नाही. आयुष्यभर कमावलेले नाव एका बाजूला, बायकोचे माहेर एका बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये बाजरीच्या दाण्याएवढा मावा. मला त्यांची फार दया आली. दुपारी ते उठले, संघाचा बिल्ला लावलेला जुना कोट अंगात घातला आणि टेलिफोनसमोर पाठ ताठ करून बसले.

"इकुता-सान, एक जुनिपर सापडलंय. मोठं आहे. हो, गावातच."

पलीकडे योशिहारू इकुता, संघाचे अध्यक्ष, वय पंचावन्न. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "अरेरे. कुणाच्या घरी?"

"काडोवाकी तात्सुझो."

"हां हां. आणि हे काडोवाकी तात्सुझो म्हणजे नक्की कोण, सेन्सेई? तुमच्याच नावाचं आणखी कुणी आहे का गावात?"

"मीच."

सेन्सेईंनी दोनदा 'मोशी मोशी', म्हणजे 'हॅलो, हॅलो' म्हटले, तेव्हा कुठे पलीकडून "उद्या सकाळी येतो" असे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इकुता चार माणसांना घेऊन आले. मीठ आणले, दारूची बाटली आणली. सेहेचाळीस वर्षे माणूस एखाद्या सकाळची वाट पाहतो आणि ती उगवते तेव्हा चेहरा कसा ठेवावा हे त्याला कळत नाही, तशी त्यांची गत झाली होती. फुमिएने सगळ्यांना चहा दिला, लोणचे दिले. या खेपेला लोणच्याची तारीफ कुणी केली नाही.

"करवत?" इकुतांनी विचारले.

"आहे," सेन्सेई म्हणाले.

"तीच?"

"तीच."

इकुतांनी झाडाभोवती एक फेरी मारली. पानांना हात लावला, वाकून पाहिले, मग बागांकडे पाहिले. "सेन्सेई, खरं सांगू? इतकी वर्षं या झाडाचा एक डागसुद्धा बागेत आला नाही. काकूंनी त्याला तोंड वर काढू दिलं नाही. आपण... म्हणजे मी अध्यक्ष आहे. असंच लेंग्यांआड झाकून ठेवलं तर..."

मला वाटले, आता झाड वाचले. फुमिए खाली पाहत उभी होती. इकुता खरेच मनापासून बोलत होते. वैर धरून आलेला माणूस आयत्या वेळी मऊ पडला होता.

सेन्सेईंनी मान हलवली. "तुझ्या वडिलांना मी सांगितलं होतं, नियमाला काका-मामा नसतात. काकूही नसते."

"अहो, थांबा," फुमिए म्हणाली. सगळे थांबले. तिने धुण्याचा मऊ ब्रश आणला आणि एकेक फांदी ताटावर झाडू लागली. "आधी पाहुण्यांना उठवा. ते जेवायला बसलेत."

दिसत नसल्याने ती अर्ध्या फांद्या मोकळ्याच झाडत होती. तेव्हा सेन्सेईंनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे पाहिले. मला न लावता पाहिले. "अगं, तुला दिसत नाही," ते म्हणाले.

"थोडं धुकं आहे."

"कधीपासून?"

"सांगितलं असतं. पण बेसबॉल चालू होतं."

सेन्सेईंनी मीठ ठेवले, दारू शिंपडली, झाडापुढे कमरेत वाकले. आणि मग बायकोपुढेही तितकेच वाकले. करवत त्यांनी कुणाला दिली नाही. तीनदा थांबले. फुमिएने खोड धरून ठेवले होते, ते हलू नये म्हणून. झाड पडले तेव्हा शिसपेन्सिलीला टोक काढल्यासारखा वास परसभर सुटला. इकुता नाक शिंकरत म्हणाले, या वासाने त्यांना नेहमीच सर्दी होते. मला रडता येत नाही. मी कोटाच्या खिशात होते, आणि त्या कोटाआतल्या सदऱ्याची कॉलर अजून चिकट होती.

त्या पावसाळ्यात सेन्सेई रोज ओसरीवर बसून त्या खोडाचा एक तुकडा तासत. माझी चिरलेली मूठ त्यांनी काढली आणि जुनिपरची बसवली. सुतारकाम त्यांच्या रक्तात नाही. मूठ वाकडी झाली आहे. पण तिच्यावर दोन खळगे आहेत, एक त्यांच्या अंगठ्याचा, एक तिच्या. आणि थंडीत त्यांनी तिला शहरात नेऊन तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन करून आणले. घरी आल्यावर ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "अगंबाई, तुम्ही म्हातारे झालात की."

यंदाच्या मार्चमध्ये इकुतांनी सेन्सेईंना पुन्हा फेरीला बोलावले. म्हणाले, "ज्यानं स्वतःचं कापलं त्याच्याशी आता कोण वाद घालेल?" सेन्सेई म्हणाले, फुमिए येणार असेल तर येतो. अशी माझी खणातून सुटका झाली. पुढे सेन्सेई, मागे फुमिए, तिच्या हातात मी. आणि मित्रांनो, गंमत बघा. सेन्सेई झाड पाहत, पण फुमिए आधी धुण्याच्या काठ्या पाहायची. झाड कुठे लपवतात हे लपवणाऱ्याइतके कुणाला कळते?

शेवटचे घर इकुतांचे. इकुता पुढच्या अंगणात सेन्सेईंना मोकळी जागा दाखवत होते, जिथे एके काळी क्रौंच उभा होता. फुमिए मागे गेली. लोणच्याच्या पिंपांच्या आडोशाला इकुतांची आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची सुएनो आजी, दोन्ही बाह्या पसरून उभी होती.

"इथं काही नाही," आजी म्हणाली.

"नसणारच," फुमिए म्हणाली. "मी फक्त बघते."

आजीच्या मागे, भाताच्या फुटक्या वाडग्यात, वीतभर उंचीचे एक झाड होते. मान वाकडी करून उभे. क्रौंचाचे झाड कापले गेले त्या रात्री थोरल्या इकुतांनी एक फांदी उचलून रुजवली होती, आणि ते वारल्यावर त्यांच्या बायकोने ती जगवली होती. मुलगा संघाचा अध्यक्ष, आणि त्याला पत्ता नाही.

फुमिएने मला त्या झाडावर धरले. मावा नव्हता. फांद्या गोल होत्या. बुंध्याशी एक तपकिरी गाठ होती. तिने ती नखाने अलगद मोडली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"पाणी कशावर तापवता, आजी?"

"गॅसवर."

"मग डब्यात जाळायची. पावसाच्या आधी. दर वर्षी, एकही सोडायची नाही. दिसलं नाही तर मला हाक मारा, मी भिंग घेऊन येईन."

एवढ्यात सेन्सेई आले. मागे इकुता. "काय सापडलं?"

सुएनो आजीने डोळे मिटून घेतले.

फुमिए म्हणाली, "मोरपंखी आहे."

सेन्सेईंनी हात पुढे केला आणि मला घेतले. माझी वाकडी मूठ त्यांच्या हातात होती. अजूनही तिला वास येतो, आणि तोच वास समोरच्या वाडग्यातून येत होता. त्यांनी मला अर्ध्यापर्यंत उचलले. वाडग्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले, इकुतांकडे पाहिले. इकुता त्या वेळी कधी नव्हे ते आपल्याच घरच्या लोणच्याची तारीफ करू लागले होते. मग सेन्सेईंनी मला डोळ्याला न लावताच कोटाच्या खिशात सोडले आणि खिशाचे बटण लावले.

"हं," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारखे एखादे भिंग तुमच्या घरी पडले असेल तर त्याला मऊ कापडाने पुसा, खणात किल्ल्यांसोबत टाकू नका, आणि कुणी काही सांगत असेल तेव्हा मान वर करून ऐका. भिंगातून आधी आपल्याच परसात बघा, धुण्याच्या काठ्यांच्या मागे. शेजाऱ्याकडे न्याल तेव्हा मात्र खिशाला बटण असू द्या. मला पापणी नाही असे मी सुरुवातीला म्हणाले, ते आता खरे राहिलेले नाही; खिशाचे बटण लागले की माझाही डोळा मिटतो.